बटण दाबा, पण जरा जपून!

पॉवर विंडो, क्लायमेट कंट्रोल, क्रूझ कंट्रोल, सनरूफ... नव्या गाडीत लाड करून घ्यायलाच हवेत. फक्त या लाडांची दुसरी बाजूही ठाऊक असू द्या.

अप्रेझल झालं, इन्क्रिमेंटचं लेटर हातात पडलं, की आपल्या पिढीचं पुढचं स्टेशन ठरलेलं असतं. कार! आई-बाबांच्या काळात गाडी घेताना पहिला प्रश्न असायचा, अ‍ॅव्हरेज किती देते? आपले प्रश्न वेगळे. सनरूफ आहे का? स्क्रीन किती इंचाची? सीट गार होते का? आणि का विचारू नये? हिंजवडीच्या नाहीतर वेस्टर्न एक्सप्रेस हायवेच्या ट्रॅफिकमध्ये रोज दोन-दोन तास काढायचे, तर थोडे लाड हवेतच ना, बॉस!

मग डिलिव्हरीचा दिवस उजाडतो. बॉनेटवर हार, चाकाखाली लिंबू, सगळ्यांना पेढे आणि शोरूमच्या स्टाफबरोबर ग्रुप फोटो. सेल्स एक्झिक्युटिव्ह दहा मिनिटांत ब्लूटूथ जोडून देतो, सनरूफ उघडून दाखवतो आणि ‘बाकी सगळं मॅन्युअलमध्ये आहे सर’ म्हणून मोकळा होतो. ते मॅन्युअल प्लास्टिकच्या पाकिटासकट ग्लोव्ह बॉक्समध्ये जातं आणि गाडी विकेपर्यंत तिथेच आराम करतं.

गडबड इथेच होते. गाडीतली प्रत्येक सोय आपलं एखादं काम अंगावर घेते. काच खाली करणं, दार लॉक करणं, स्पीड सांभाळणं, हवा खेळती ठेवणं. काम तिच्याकडे गेलं की आपण ते चक्क विसरून जातो. मग एखाद्या दिवशी ती सोय बंद पडते, किंवा नको त्या वेळी चालू राहते. त्या दिवशी ते काम पुन्हा आपल्या हातांनी करता आलं पाहिजे. एवढं लक्षात ठेवलंत तर खालच्या सगळ्या टिप्स आपोआप लक्षात राहतील.

काच आणि लॉक : २६ जुलै विसरू नका

सुरुवात सगळ्यात साध्या सोयीपासून. पॉवर विंडो आणि सेंट्रल लॉकिंग. आज बेसिक मॉडेलमध्येही असतात, म्हणून कुणी त्यांचा विचारही करत नाही.

मुंबईकरांना २६ जुलै २००५ सांगायला नको. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या दिवशी काही माणसं स्वतःच्या गाडीतच अडकून गेली. बाहेर पाणी चढतंय, आत एसी चालू आहे, काचा बंद आहेत, म्हणून ती ‘सेफ’ बसून राहिली. पाणी वायरिंगमध्ये शिरलं, काचा खाली होईनात, दारं उघडेनात. आपल्यातले बरेच जण तेव्हा शाळेत होते. आज आपण स्टिअरिंगवर आहोत आणि पावसाळा दरवर्षी येतोच.

दार का उघडत नाही? त्यामागे साधं नववी-दहावीचं फिजिक्स आहे. समजा दार मीटरभर रुंद आहे आणि बाहेरचं पाणी दाराच्या तळापासून दोन फूट वर आलंय. आत पाणी नसेल तर त्या दारावर बाहेरून पडणारा एकूण जोर १८० किलोच्या आसपास जातो. जिममध्ये कितीही घाम गाळला असला, तरी बसल्या जागेवरून हे ढकलणं कठीणच! म्हणून दाराशी झटापट करण्यात वेळ घालवायचा नाही. पाणी चढतंय असं दिसलं की क्रम ठरलेला : बेल्ट काढा, काच खाली करा, मुलांना आधी बाहेर द्या, मग तुम्ही निघा. पाण्यात गेल्यावरही पॉवर विंडो बहुतेक वेळा थोडा वेळ चालतात. तो थोडा वेळ कुणाला फोन लावण्यात दवडू नका.

काच खाली झालीच नाही तर? तेव्हा काच फोडायची हातोडी लागते. त्यातही तीन गोष्टी लक्षात ठेवायच्या. एक, ही हातोडी डिकीत ठेवून उपयोग शून्य. बेल्ट लावलेला असताना हात पोचेल अशा जागी, ड्रायव्हरच्या दाराच्या कप्प्यात ठेवा. दोन, पुढच्या मोठ्या काचेवर मारू नका. ती लॅमिनेटेड असते, तडे जातात पण फुटून पडत नाही. बाजूची काच टेम्पर्ड असेल तर कोपऱ्यात जोरात मारल्यावर तिचा चुरा होतो. तीन, काही महागड्या गाड्यांमध्ये बाजूची काचही लॅमिनेटेड येऊ लागली आहे. काचेच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात ते छापलेलं असतं. आजच वाचून ठेवा. आणि तो ‘सीटचं हेडरेस्ट काढून काच फोडा’ असा सल्ला देणारा फॉरवर्ड? हेडरेस्ट काढता येतं हे खरं, पण ते काच फोडण्यासाठी बनवलेलं नसतं. त्याच्या भरवशावर राहू नका.

खरं तर सगळ्यात सोपा उपाय म्हणजे पाण्यात गाडी घालायचीच नाही. फूटभर वाहत्या पाण्यात छोटी गाडी तरंगू लागते आणि दोन फुटांत बऱ्याचशा गाड्या वाहून जाऊ शकतात. अंधेरी सबवेसमोर उभं राहून ‘एसयूव्ही आहे, निघून जाऊ’ म्हणणाऱ्या मित्राला हे आकडे ऐकवा.

आता लॉक. १ जुलै २०१९ पासून बनलेल्या गाड्यांमध्ये सेंट्रल लॉक हाताने उघडायची सोय असणं बंधनकारक आहे. पण तुमच्या गाडीत ती नेमकी कुठे आहे? काही गाड्यांत आतला हँडल दोनदा ओढावा लागतो, काहींत दारावर छोटा खटका असतो. इंजिन बंद करून एकदा करून बघा. मागच्या दारांना चाइल्ड लॉक लावलेलं असेल तर मात्र आतला हँडल कितीही ओढा, दार उघडत नाही. मग मागच्यांना खिडकीतून किंवा पुढच्या सीटवरून यावं लागतं. त्याच तारखेपासून टॅक्सीसारख्या प्रवासी गाड्यांमध्ये चाइल्ड लॉकवर बंदी आली, ती मुलींच्या सुरक्षेसाठी. रात्री उशिरा कॅबमध्ये बसताना मागचं दार आतून उघडतंय ना, हे गाडी सुटायच्या आधी बघून घ्या. पाच सेकंदांचं काम आहे.

भाचे-पुतणे गाडीत असतील तर ड्रायव्हरच्या दारावरचं विंडो लॉकचं बटण दाबून ठेवा. बोट मध्ये आलं की काच आपोआप थांबते, हे आपण गृहीत धरतो. पण बऱ्याच गाड्यांत ही सोय फक्त ड्रायव्हरच्या खिडकीला असते.

एसी : थंडा थंडा, पण कूल राहा

गाडीच्या चित्रात वळणारा बाण असलेलं ते बटण आठवतंय? रिसर्क्युलेशन. ते दाबलं की बाहेरची हवा बंद होते आणि आतलीच हवा पुन्हा पुन्हा थंड होत राहते. उन्हात तापलेली गाडी लवकर गार करायला, बोगद्यात किंवा घाटात धूर ओकणाऱ्या ट्रकच्या मागे अडकल्यावर हे बटण म्हणजे वरदान. पण आपण ते एकदा दाबतो आणि पुढच्या सर्व्हिसिंगपर्यंत विसरतो.

चार जण बंद गाडीत पुण्याहून कोल्हापूरला निघाले. प्रत्येक श्वासाबरोबर कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि बाहेर जायला वाट नसते. मग डोकं जड होतं, जांभया येतात. आपण म्हणतो, ‘दुपारच्या मिसळीचा इफेक्ट!’ मिसळीला उगाच बदनाम करू नका. गाडी गार झाली की बाहेरची हवा चालू करा. लांबच्या प्रवासात तर हे हवंच.

पावसाळ्यात याच बटणाची आणखी एक खोडी असते. आतला दमटपणा बाहेर जात नाही आणि समोरच्या काचेवर धुकं साचतं. मग एका हाताने स्टिअरिंग, दुसऱ्या हातात फडकं! त्यापेक्षा एसी चालू ठेवा, बाहेरची हवा घ्या आणि काचेवर झोत सोडणारं डीफॉगचं बटण दाबा. थोड्या वेळात काच स्वच्छ होते. एसी हवेतला ओलावा काढून घेतो, म्हणून थंडी वाजली तरी तो बंद करायचा नाही. तापमान वाढवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गाडी उभी करून, काचा बंद करून, एसी लावून झोपणं. नाइट शिफ्टनंतर, लग्नाच्या हॉलबाहेर किंवा लाँग ड्राइव्हच्या मध्ये ‘जरा डोळा लागू दे’ म्हणून लोक हेच करतात. एसी चालू म्हणजे इंजिन चालू. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. सायलेन्सरच्या पाइपला गळती असेल, गाडी बंद गॅरेजमध्ये किंवा बेसमेंटच्या कोपऱ्यात असेल, तर तो आत येऊ शकतो. त्याला रंग नाही, वास नाही. जागा माणूस निदान डोकं दुखतंय म्हणून काच उघडेल. झोपलेल्याला कळतही नाही. झोप आवरत नसेल तर फूड मॉलच्या उजेडातल्या, वर्दळीच्या पार्किंगमध्ये थांबा, इंजिन बंद करा, काचा थोड्या खाली घ्या आणि मग खुशाल डुलकी काढा. इलेक्ट्रिक गाडीवाल्यांना या धुराची भीती नाही, त्यांनी कॉलर टाइट करायला हरकत नाही!

आणि एसी बंद असलेल्या गाडीत मूल किंवा कुत्रं ठेवून ‘दोन मिनिटांत आलो’ म्हणत दुकानात जाणं? अजिबात नाही. बाहेर ३५ अंश असेल तर उन्हातल्या बंद गाडीतलं तापमान अर्ध्या तासात पन्नाशी गाठू शकतं. काच बोटभर खाली ठेवून फारसा फरक पडत नाही.

सीट : सोफा नव्हे

मागची सीट म्हणजे घरचा सोफा असं आपल्याकडे सगळेच समजतात. ४ सप्टेंबर २०२२ ला उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर अपघाती मृत्यू झाला. गाडी लक्झरी, एअरबॅग्जनी सज्ज. मागच्या सीटवरच्या दोघांनी बेल्ट लावले नव्हते, असं पोलिसांनी सांगितलं. ते दोघेही गेले. पुढे बसलेले दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले.

त्यानंतर १ नोव्हेंबर २०२२ पासून मुंबई पोलिसांनी गाडीतल्या सगळ्यांना बेल्ट सक्तीचा केला. मागच्या बेल्टचा नियम मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून कायद्यात होता आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड एक हजार रुपये. तरीही मागे बसणाऱ्याला बेल्ट लावायला सांगितलं की तो अपमान झाल्यासारखा बघतो. त्याला एवढंच सांगा : ताशी ६० च्या वेगाने जाणारी गाडी एकदम थांबली, तरी बेल्ट नसलेला माणूस ६० नेच पुढे जातो आणि पुढच्या सीटवर, म्हणजे तुमच्या पाठीवर आदळतो. बेल्ट तुझ्यासाठी नको तर माझ्यासाठी लाव, बाबा!

बेल्ट न लावता गाडीचा अलार्म गप्प करणाऱ्या क्लिपा बाजारात मिळायच्या, तेही ऑनलाइन. २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मोठ्या ई-कॉमर्स कंपन्यांना त्या साइटवरून काढायला लावल्या. तुमच्या गाडीत एखादी असेल तर आज फेकून द्या. एअरबॅग ही बेल्टची जोडीदार आहे. बेल्टशिवाय माणूस तिच्यावर नको त्या वेगाने, नको त्या क्षणी जाऊन आदळतो.

पुढे बसून सीट पूर्ण आडवी करणं हाही आवडता लाड. बेल्टचा खालचा पट्टा कमरेच्या हाडावर बसायला हवा. आडवं झालं की छातीवरचा पट्टा अंगापासून सुटतो, माणूस धक्क्याने त्याच्याखालून सरकतो आणि पट्टा थेट पोटावर येतो. डॅशबोर्डवर पाय पसरून रील काढणाऱ्यांचं तर विचारूच नका. तिथूनच एअरबॅग बाहेर येते, पापणी लवायच्या आत. तेव्हा पाय तिथे असतील तर गुडघे थेट तोंडावर येतात.

आता थोडा नाजूक विषय. डॅशबोर्डवरचे बाप्पा! बाप्पा हवेतच, फक्त डाव्या बाजूला जिथे ‘एअरबॅग’ असं कोरलेलं असतं तिथे त्यांना चिकटवू नका. एअरबॅग फुगली तर मूर्ती थेट बाजूला बसलेल्याच्या दिशेने उडेल. त्यांची जागा मधोमध, एअरबॅगपासून लांब. तसंच सीटच्या बाजूला एअरबॅग असेल तर जाडजूड लेदर कव्हर घालायच्या आधी ते साइड एअरबॅगवाल्या सीटसाठीच बनवलंय का, हे दुकानदाराला विचारा. शिवण सुटली नाही तर एअरबॅग आतच अडकते.

हेडरेस्टचा वरचा काठ डोक्याच्या उंचीला हवा. मागून कुणी ठोकलं तर मान त्यामुळेच वाचते. ते डुलकीसाठी दिलंय असं समजून मानेखाली ओढून ठेवू नका.

क्रूझ कंट्रोल : पाय मोकळा, डोकं नको

एक्सप्रेस-वेवर स्पीड सेट केला, पाय मोकळा केला, गाडी आपली धावतेय. कसलं भारी! सुक्या, सरळ आणि मोकळ्या रस्त्यावर अगदी वापरा. पण कारसाठी १०० ची मर्यादा आहे आणि घाटात त्याहून कमी, हे विसरू नका. भर पावसात, घाटात आणि गर्दीत क्रूझ कंट्रोल बंद. साध्या क्रूझ कंट्रोलला समोरचं काही दिसत नाही. पाण्याच्या थरावर टायर तरंगायला लागले की पाय हळूच उचलून वेग कमी करायचा असतो. तेव्हा पाय जागेवरच नसेल तर उशीर होतो. कॅमेरा आणि रडारवर चालणाऱ्या नव्या गाड्यांचंही तसंच. पट्टे पुसलेला रस्ता, उलट्या दिशेने येणारी बाइक आणि मधोमध बसलेली गाय पाहून त्यांचाही गोंधळ होऊ शकतो. मदतनीस म्हणून ठेवा, ड्रायव्हर तुम्हीच!

२०१९ पासून बनलेल्या गाड्या ८० च्या वर मधून मधून आणि १२० च्या वर सतत बीप करतात. त्यावर म्युझिकचा आवाज वाढवणं हा उपाय नव्हे.

आणि पावसात, बोगद्यात चारही इंडिकेटर लुकलुकवत जाणारी मंडळी! तो लाइट गाडी बंद पडली किंवा थांबली आहे हे सांगायला असतो. चालत्या गाडीत तो लावला की तुम्ही लेन कधी बदलताय हे मागच्याला कळत नाही. पावसात हेडलाइट लो बीमवर लावा, झालं काम.

स्क्रीन, सनरूफ आणि स्मार्ट की

स्क्रीनचं गणित झटपट करू. ६० च्या वेगाने गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. गाणं बदलायला तीन सेकंद खाली पाहिलंत तर ५० मीटर रस्ता न बघता गेलात. युरोपमधल्या युरो एनकॅप या सुरक्षा चाचणी संस्थेनेही २०२६ पासूनच्या नियमांत इंडिकेटर, वायपर, हॉर्नसारख्या गोष्टींना साधी बटणं किंवा खटके असतील तर गुण द्यायचं ठरवलं. म्हणजे जुनं बटणच बरं! मॅप, प्लेलिस्ट, एसीचं तापमान निघण्याआधीच सेट करा. बाकीचं बाजूला बसलेल्याला सांगा, त्यालाही काम हवंच.

सनरूफ आकाश बघायला आहे, मुलांनी उभं राहायला नाही. जोरात ब्रेक लागला की बाहेर असलेलं अंग छताच्या काठावर आदळतं. केबलचा लोंबकळता तुकडा किंवा झाडाची फांदी हॉर्न देऊन येत नाही.

स्मार्ट कीवाल्यांसाठी एकच प्रश्न. रिमोटची बॅटरी संपली तर दार कसं उघडाल? बहुतेक रिमोटच्या पोटात एक छोटी धातूची किल्ली लपलेली असते. ती कशी काढायची आणि दाराचं कुलूप कुठे आहे, हे घरी बसून बघा. आणखी एक, बटणावर चालू होणारी गाडी इतकी शांत असते की काही जण ती चालू ठेवूनच उतरतात. बेसमेंटमध्ये हे फार धोक्याचं. उतरताना डॅशबोर्ड विझलाय ना, एवढं बघा.

या रविवारी फक्त पंधरा मिनिटं

गाडी धुवायला काढालच, तेव्हा हे उरकून टाका.

– सेंट्रल लॉक आतून हाताने उघडून बघा. मागच्या दारांचं चाइल्ड लॉक चालू आहे की बंद, तेही.
– काच फोडायची हातोडी हाताशी ठेवा. कोपऱ्यातली अक्षरं वाचून काच कुठली आहे ते बघा.
– मागचे बेल्ट सीटच्या फटीत गेले असतील तर बाहेर काढा. तिन्ही बकल लागतात का बघा.
– चारही हेडरेस्ट योग्य उंचीला लावा.
– रिसर्क्युलेशन आणि डीफॉगची बटणं न बघता सापडतात का, ते करून पाहा.
– ड्रायव्हरच्या पायाशी पाण्याची बाटली लोळत असेल तर उचला. ती पेडलखाली गेली तर ब्रेकच लागणार नाही. मॅटही क्लिपमध्ये घट्ट अडकवा.
– रिमोटमधली किल्ली एकदा काढून दार उघडा.
– आणि हो, ते मॅन्युअल प्लास्टिकमधून बाहेर काढा!

पंधरा मिनिटं झाली की चहा घ्या, सनरूफ उघडा, आवडीची प्लेलिस्ट लावा आणि मस्तपैकी फिरायला निघा. पुढच्या आठवड्यात भेटूच. तोपर्यंत, मागे कोण बसलंय? बेल्ट लावा!